मुंबई ते न्यूयॉर्क : किती किलोमीटर, किती तास?

न्यू जर्सीत लेक असलेल्या कुठल्याही आईवडिलांना ‘मुंबईहून न्यूयॉर्क किती लांब?’ असं विचारलं, तर उत्तर तासांत मिळतं. जाताना साधारण सोळा, येताना तास-दीड तास कमी, आणि दुबई किंवा दोहाला विमान बदललं तर वीसच्या पुढे कितीही. किलोमीटर कुणाला पाठ नसतात. शाळेतल्या गणितात अंतर पक्कं असायचं आणि वेळ वेगावर ठरायची. विमानप्रवासात हे दोन्ही आकडे हलते आहेत. कुणी हे अंतर १२,५३२ किलोमीटर धरतं, कुणी त्यात १२५ मिळवतं, कुणी आठ टक्के वाढवतं. वैमानिकाच्या हातातल्या कागदावर तर त्या दिवसापुरता आणखी वेगळाच आकडा असतो. नुकसानभरपाई, भाड्याची कमाल मर्यादा, विमानाने सोडलेल्या कार्बनचा हिशेब हे सगळं या आकड्यांवर ठरतं. त्यामुळे दोन विमानतळांमधलं अंतर कसं मोजायचं, हा वाद भूगोलाच्या तासापुरता राहिलेला नाही. तो आज कुठे येऊन ठेपला आहे, ते पाहू.

गोलावरचा दोरा

घरातल्या पृथ्वीच्या गोलावर एक टोक मुंबईला आणि दुसरं न्यूयॉर्कला धरून दोरा ताणावा. भिंतीवरच्या नकाशाने लावलेली सवय पहिल्या क्षणाला मोडते. दोरा अरबी समुद्रावरून पश्चिमेला जात नाही, तो उत्तर-वायव्येला वर सरकतो. कच्छ आणि सिंध ओलांडून क्वेट्ट्याजवळून अफगाणिस्तानचा पश्चिम भाग, मग तुर्कमेनिस्तान, कझाकस्तानची पश्चिम बाजू, जवळजवळ थेट मॉस्कोच्या डोक्यावरून सेंट पीटर्सबर्गच्या दक्षिणेला, फिनलंड, नॉर्वे, आइसलंडच्या रेक्याविकवरून ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला चाटून लॅब्राडोर आणि मेन. वाटेत तो ६४-६५ उत्तर अक्षांशापर्यंत चढतो. मुंबई १९ अंशांवर आणि न्यूयॉर्क ४१ च्या आत असूनही सर्वांत जवळची वाट उत्तर ध्रुववृत्ताच्या उंबरठ्यापर्यंत जाऊन परत उतरते.

या वाटेला बृहद्वृत्त म्हणतात. तिची लांबी काढायचं त्रिकोणमितीचं सूत्र जुनं आहे. जेम्स इनमन यांनी १८३५ मध्ये खलाशांसाठी ‘हॅवरसाइन’ची कोष्टकं प्रचारात आणली, आणि आज संगणक तेच गणित क्षणार्धात करतो. पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरली की मुंबई-न्यूयॉर्क अंतर १२,५३२ किलोमीटर येतं. पृथ्वी मात्र पुरती गोल नाही. विषुववृत्ताकडे त्रिज्या ६,३७८ आणि ध्रुवाकडे ६,३५७ किलोमीटर आहे. थॅडियस व्हिन्सेंटी यांनी १९७५ साली दिलेल्या रीतीने हा चपटेपणा हिशेबात घेता येतो. दोन रीतींतला फरक फार तर अर्ध्या टक्क्याचा. भूमापन करणाऱ्यांना तो मोठा वाटेल, विमान कंपनीच्या लेखी तो किरकोळ. भूमितीच्या पातळीवर वाद जवळपास इथेच मिटतो.

विमानं या दोऱ्यावरून मात्र बराच काळ उडतच नव्हती. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ हे कॉन्स्टेलेशन विमान ३५ प्रवासी घेऊन मुंबईहून निघालं, ते कैरो आणि जिनीव्हाला थांबत लंडनला पोचलं. १९६० मध्ये बोइंग ७०७ आलं आणि त्याच वर्षी एअर इंडियाची विमानं लंडनमार्गे न्यूयॉर्कला जाऊ लागली. तेव्हाचं अंतर म्हणजे थांब्यांमधल्या टप्प्यांची बेरीज होती. मुंबई-न्यूयॉर्क विनाथांबा सेवा एअर इंडियाने १ ऑगस्ट २००७ रोजी बोइंग ७७७-२०० एलआर विमानाने सुरू केली. दोऱ्याची लांबी प्रवाशाच्या कामाची झाली ती खऱ्या अर्थाने तेव्हापासून.

वाऱ्याचं अंतर

अकरा किलोमीटर उंचीवर हवा उणे ५६ अंशांच्या आसपास असते आणि तिथे ध्वनीचा वेग ताशी सुमारे १,०६२ किलोमीटर. आजची लांब पल्ल्याची विमानं या वेगाच्या ८५ टक्क्यांवर, म्हणजे ताशी ९०३ किलोमीटरने उडतात. १२,५३२ ला ९०३ ने भागलं तर १३ तास ५३ मिनिटं येतात. सोळा तासांतला उरलेला वेळ कुठे जातो, हा प्रवाशाचा पहिला प्रश्न. त्याचं निम्मं उत्तर वाऱ्यात आहे.

उंच आकाशातले हे वेगवान पश्चिमी वारे जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२०च्या दशकात फुगे सोडून मोजले. जगाला कळावं म्हणून त्यांनी अहवाल एस्परान्तो भाषेत छापला, आणि बहुधा त्यामुळेच तो जगाला कळला नाही. या वाऱ्यांना आता जेट प्रवाह म्हणतात. फेब्रुवारी २०२० मध्ये एका वादळाच्या वाऱ्यावर स्वार होऊन ब्रिटिश एअरवेजचं एक ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. उलट दिशेला त्याच वाऱ्याला तोंड देत जावं लागतं. अमेरिकेहून मुंबईला येणं जाण्यापेक्षा लवकर होतं, त्याचं कारण हेच.

मुंबईच्या बाबतीत एक गंमत आहे, आणि ती आपल्याकडे फारशी बोलली जात नाही. पावसाळ्यात दक्षिण भारतावर उंचावरचे वारे दिशा बदलतात आणि पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहू लागतात. या पूर्वेय जेट प्रवाहाचं सविस्तर वर्णन भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५८ साली ‘टेलस’ या नियतकालिकात केलं. त्याचा गाभा विमानांच्या उंचीच्या वर, चौदा-पंधरा किलोमीटरवर असतो, पण खालचा भाग विमानाला लागतो. जुलैत मुंबईहून पश्चिमेला निघालेल्या विमानाला अरबी समुद्र ओलांडेपर्यंत पाठीवर थाप मिळते, जानेवारीत ती मिळत नाही. त्यामुळे एकाच मार्गाची उन्हाळी आणि हिवाळी वेळ वेगळी असते.

वाऱ्याने अंतराची व्याख्याच कशी उलटते, याचं सर्वांत बोलकं उदाहरण दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को मार्गाचं आहे. या दोन विमानतळांमधलं बृहद्वृत्त अंतर सुमारे १२,४०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने अटलांटिकऐवजी प्रशांत महासागरावरून विमान न्यायला सुरुवात केली. पहिल्या फेरीत विमान सुमारे १५,३०० किलोमीटर उडालं, म्हणजे अटलांटिकच्या वाटेपेक्षा चौदाशे किलोमीटर जास्त, आणि तरीही साडेचौदा तासांत, नेहमीपेक्षा लवकर पोचलं. जमिनीच्या हिशेबाने सरासरी वेग निघाला ताशी १,०५० किलोमीटरच्या वर. वैमानिक अशा वेळी जमिनीवरच्या अंतराबरोबर ‘हवेतलं अंतर’ही पाहतो, म्हणजे स्थिर हवेत तेवढ्याच वेळात विमानाने किती मजल मारली असती ते. साडेचौदा तासांना ९०३ ने गुणलं तर ते १३ हजारांच्या थोडं पुढे भरतं. एकाच फेरीची तीन अंतरं झाली : १२,४००, १३,१०० आणि १५,३००. इंधन जळतं ते मधल्या आकड्याप्रमाणे, आणि नेमका तोच आकडा तिकीट काढणाऱ्याला किंवा नियम करणाऱ्याला कुठे दिसत नाही.

अटलांटिकवर तर वाऱ्याच्या अंदाजाप्रमाणे दिवसातून दोनदा वाटा नव्याने आखल्या जातात. रोज बदलणाऱ्या या मार्गांची घोषणा ब्रिटन-आयर्लंडकडचं शॅनविक आणि कॅनडाचं गँडर ही नियंत्रण केंद्रं करतात.

कुणाच्या डोक्यावरून?

सोळा तासांमागचं दुसरं कारण राजकीय आहे, आणि माझ्या मते गेल्या काही वर्षांत ते वाऱ्यापेक्षा वरचढ ठरलं आहे. वरच्या दोऱ्याकडे पुन्हा पाहिलं तर तो पाकिस्तान, अफगाणिस्तान आणि रशिया या तिन्ही देशांच्या डोक्यावरून जातो. आज भारतीय कंपन्यांना पहिला देश बंद आहे, अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना तिसरा, आणि मधल्या देशात हवाई नियंत्रणाची नेहमीची व्यवस्था २०२१ च्या सत्तांतरात कोलमडली.

१९४४ च्या शिकागो कराराने प्रत्येक देशाला आपल्या डोक्यावरच्या आकाशाची मालकी दिली. जोडीला झालेल्या पारगमन कराराने नुसतं वरून जाऊ देण्याची मुभा पुष्कळ देशांनी एकमेकांना दिली. रशियाने त्यावर सही केली नाही. त्यामुळे सायबेरियावरून जाण्याचा हक्क ही कायम वाटाघाटीची आणि पैशांची बाब राहिली. २०२२ मध्ये युक्रेनवरच्या आक्रमणानंतर निर्बंध आणि प्रतिनिर्बंध आले तसं ते आकाश पाश्चात्त्य कंपन्यांना मिटलं. फिनएअरचा हेलसिंकी-टोकियो प्रवास साडेनऊ तासांवरून तेरा तासांवर गेला. मुंबईशी संबंधित गोष्ट म्हणजे युनायटेडने न्यूअर्क-मुंबई सेवा थांबवली. एअर इंडिया मात्र रशियावरून उडत राहिली.

इथे दोन बाजू आहेत आणि दोन्हींत तथ्य आहे. अमेरिकी कंपन्यांच्या संघटनेचं म्हणणं असं की, एकाच मार्गावर एकाला जवळची वाट आणि दुसऱ्याला लांबची, ही स्पर्धा नव्हे. शिवाय अमेरिकी प्रवासी भरलेलं विमान रशियात उतरावं लागलं तर काय? ६ जून २०२३ रोजी तसं घडलंही. दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं एअर इंडियाचं विमान इंजिनातल्या बिघाडामुळे रशियाच्या अतिपूर्वेकडच्या मगदानला उतरवावं लागलं. २१६ प्रवासी आणि १६ कर्मचारी, छोटं शहर, हॉटेलच्या खोल्या अपुऱ्या. दुसरं विमान येईपर्यंत लोकांना शाळेत आणि वसतिगृहांत गाद्या टाकून राहावं लागलं. याउलट भारतीय बाजू अशी की, भारत त्या निर्बंधांत सहभागी नाही, उड्डाणाचे हक्क द्विपक्षीय करारांनी मिळतात, आणि जवळची वाट बंद करून घेतल्याने प्रवाशाचा फायदा काहीच नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकी परिवहन खात्याने चिनी कंपन्यांना अमेरिकेच्या फेऱ्यांसाठी रशियाचं आकाश वापरण्यास मनाई करण्याचा प्रस्ताव मांडला.

भारताला स्वतःला याच दुखण्याचा दुसरा अनुभव पश्चिम सीमेवर आला. २०१९ मध्ये बालाकोटवरच्या हवाई हल्ल्यानंतर पाकिस्तानने २७ फेब्रुवारी ते १६ जुलै आपलं आकाश बंद ठेवलं. २ जुलैपर्यंत एअर इंडियाचं ४९१ कोटी रुपयांचं नुकसान झाल्याचं तेव्हाचे नागरी विमान वाहतूक मंत्री हरदीपसिंग पुरी यांनी राज्यसभेत सांगितलं होतं. पहलगाम हल्ल्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये तेच पुन्हा झालं आणि या वेळी भारतानेही आपलं आकाश बंद केलं. दोन्ही बाजूंनी महिन्यामहिन्याची मुदतवाढ सुरू झाली. सर्वाधिक फटका दिल्लीला बसला. उत्तर अमेरिकेला जाणारी तिथली काही विमानं इंधनासाठी व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला उतरू लागली, दिल्ली-वॉशिंग्टन सेवा १ सप्टेंबर २०२५ पासून बंद झाली. बंदी वर्षभर टिकली तर सुमारे ६० कोटी डॉलरचा भुर्दंड पडेल, असं एअर इंडियाने सरकारला कळवल्याच्या बातम्या आल्या. मुंबईला समुद्र असल्याने बरं. विमान उडालं की अरबी समुद्रावरून ओमानकडे निघता येतं. पण पुढे इराण, इराक आणि आखाताचं आकाश लागतं, आणि जून २०२५ मध्ये तेही काही दिवस बंद-चालू होत राहिलं.

बंद आकाशाला नावं ठेवण्याआधी १७ जुलै २०१४ आठवायला हवा. पूर्व युक्रेनवरचं आकाश ठरावीक उंचीच्या वर तेव्हा खुलंच होतं. ॲमस्टरडॅमहून क्वालालंपूरला जाणारं एमएच १७ तिथे क्षेपणास्त्राने पडलं आणि २९८ जण गेले. सगळ्यांच्या सोयीची नेहमीची वाट होती ती. लांबच्या वळणाची किंमत तासांत सांगता येते. जवळच्या वाटेची जोखीम कशात मांडायची, यावर देशादेशांत आजही एकवाक्यता नाही. एक देश जिथे ‘जाऊ नका’ म्हणतो, तिथून शेजारच्या देशाची विमानं जात असतात.

डोंगरही काही ठिकाणी राजकारणाइतकेच आडवे येतात. केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमानाला मिनिटांत दहा हजार फुटांपर्यंत खाली यावं लागतं, कारण प्रवाशांच्या मुखवट्यांतला ऑक्सिजन थोडाच वेळ पुरतो. तिबेटचं पठारच सरासरी साडेचार हजार मीटर, म्हणजे पंधरा हजार फुटांच्या आसपास आहे; खाली यायला जागाच नाही. म्हणून दिल्लीहून पूर्वेकडे जाणारी विमानं सहसा हिमालयाला वळसा घालतात.

वेळापत्रकातली मिनिटं

तिकिटावर जो वेळ छापलेला असतो तो उडण्याचा वेळ नसतो. चाकांखालचे ठोकळे काढल्यापासून पुन्हा ठोकळे लावेपर्यंतचा हा काळ. धंद्यातला शब्द ‘ब्लॉक टाइम’. धावपट्टीपर्यंत सरकत जाणं, रांगेत थांबणं, उतरण्याआधी घिरट्या घालणं, सगळं त्यात आलं. मुंबई-दिल्ली बृहद्वृत्त अंतर १,१४० किलोमीटरच्या जवळपास, म्हणजे नुसतं उडायला दीड तासाच्या आसपास. तिकिटावर सव्वादोन तासांच्या आगेमागे असतात.

ही वाढीव मिनिटं प्रामाणिक की लबाडीची, यावर मतभेद आहेत. प्रवासी संघटनांना वाटतं की कंपन्या वेळ आधीच फुगवून ठेवतात आणि मग ‘वेळेआधी पोचलो’ म्हणून मिरवतात. ठरलेल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांत पोचलेलं विमान वेळेवर धरण्याची पद्धत असल्याने फुगवण्याचा मोह असतोच. कंपन्यांची बाजू अशी की, विमानतळांवरची गर्दी खरीच आहे, ती लपवून छापली तर रोज प्रत्येक जण उशिरा पोचेल आणि पुढची विमानं चुकतील.

मुंबईच्या बाबतीत मला कंपन्यांचं म्हणणं अधिक पटतं. सांताक्रूझ-सहारच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. फेब्रुवारी २०२४ मध्ये नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने तिथली फेऱ्यांची गर्दी कमी करायला सांगितलं. गजबजीच्या तासांतली हालचाल ४६ वरून ४४ वर आणली. कारण मंत्रालयानेच दिलं : विमानं शहरावर ४० ते ६० मिनिटं घिरट्या घालत होती, आणि ४० मिनिटांच्या घिरट्यांत १.७, तर ६० मिनिटांच्या घिरट्यांत २.५ किलोलिटर इंधन जात होतं. न्यूयॉर्कहून साडेबारा हजार किलोमीटर वारा पाठीशी घेऊन यायचं आणि वाचवलेला वेळ वसई-पालघरच्या आसपास गोल फिरत घालवायचा, हा अनुभव मुंबईकराला नवा नाही.

घड्याळाचा भ्रम वेगळाच. भारत आणि न्यूयॉर्कमधलं अंतर हिवाळ्यात साडेदहा तासांचं, उन्हाळ्यात साडेनऊचं. मध्यरात्रीनंतर मुंबई सोडलेलं विमान त्याच दिवशी सकाळी तिथे उतरतं, आणि सोळा तास जगून झाल्यावर तारीख मात्र तीच असते. परतीला एक दिवस हरवतो. शरीर साधारण रोज तासाभराने नव्या वेळेशी जुळतं, आणि पूर्वेकडे येताना जास्त कुरकुरतं.

विनाथांबा की थांबा घेऊन

लांब पल्ल्याच्या विनाथांबा फेऱ्यांचा इतिहास सरळ चढता नाही. सिंगापूर एअरलाइन्सने २००४ मध्ये सिंगापूर-न्यूअर्क सेवा चार इंजिनांच्या ए३४०-५०० ने सुरू केली आणि २०१३ मध्ये बंद केली, कारण इंधन परवडेना. २०१८ मध्ये दोन इंजिनांच्या ए३५०-९०० यूएलआरने ती पुन्हा सुरू झाली, आणि २०२० पासून न्यूयॉर्कच्या जेएफकेलाही विमान जातं. सुमारे १५,३०० किलोमीटर, अठरा तासांहून जास्त. विमानात जागा १६१. त्यांत साधा इकॉनॉमी वर्गच नाही. २०१८ मध्येच क्वांटासचं पर्थ-लंडन सुरू झालं. एप्रिल २०२४ मध्ये इराणच्या आकाशाने त्याच विमानाला काही काळ सिंगापूरला इंधनासाठी उतरायला लावलं, हेही नोंदवायला हवं. क्वांटासने २०१९ मध्ये न्यूयॉर्क आणि लंडनहून सिडनीला चाचणी उड्डाणं केली. दोन्ही एकोणीस तासांच्या थोडी वर. २०२२ मध्ये त्यासाठी बारा ए३५०-१००० मागवली. विमानं यायला उशीर होत गेला आणि सेवा २०२७ वर गेली आहे.

अभियंत्यांचा जुना आक्षेप इंधनाच्या वजनाचा आहे. ७७७-२०० एलआरच्या टाक्यांत सुमारे १,८१,००० लिटर इंधन मावतं, वजन जवळपास १४५ टन. विमानाचं उड्डाणावेळचं कमाल वजन ३४७ टन. म्हणजे पूर्ण भरलेल्या विमानाचा चाळीस टक्क्यांहून अधिक भार इंधनाचाच. जास्तीच्या इंधनातला तीन-चार टक्के भाग ते इंधन नुसतं वाहून नेण्यात दर तासाला जळतो. मध्ये थांबून इंधन घेतलं तर हा भार वाचतो. विनाथांब्याचे समर्थक म्हणतात, थांबा म्हणजे एक वेळ जास्त उतरणं-चढणं, वाट थोडी वाकडी होणं आणि विमानाचे दोन तास वाया जाणं. वाचलेलं इंधन त्यात बऱ्याच अंशी निघून जातं. उत्तर मार्ग किती लांब यावर अवलंबून आहे, आणि दोन्ही पक्ष आपल्याला सोयीचा मार्ग उदाहरणाला घेतात.

प्रवाशाच्या बाजूने हा प्रश्न टनांचा नसतो. सत्तरीच्या आई पहिल्यांदाच एकट्या निघाल्या असतील तर दोहाला व्हीलचेअर घेऊन कुणी वेळेवर येईल का, फाटक कुठे, इंग्रजीत काही विचारलं तर काय, याची धास्ती सोळा तास गुडघे दुमडून बसण्यापेक्षा मोठी असते. म्हणून जास्तीचे पैसे मोजून थेट तिकीट काढणारी मुलं पुष्कळ आहेत. अर्थात, मध्ये तीन तास पाय मोकळे करायला मिळाले तर बरं, असं म्हणणारे ज्येष्ठही तितकेच भेटतात.

वेगाबद्दल थोडक्यात. विमानं १९६० पेक्षा आज जलद नाहीत. बोइंगने २००१ मध्ये ध्वनीच्या जवळपास वेगाचं ‘सोनिक क्रूझर’ मांडलं आणि पुढच्याच वर्षी गुंडाळलं. कंपन्यांना कमी इंधन हवं होतं, त्यातून ७८७ आलं. कॉनकॉर्ड २००३ मध्ये थांबलं. आता बूम कंपनीच्या नियोजित विमानाचा पल्ला ७,८०० किलोमीटरच्या आसपास सांगितला जातो. मुंबई-लंडन त्यात बसेल, मुंबई-न्यूयॉर्क बसणार नाही.

मोजायचं काय, आणि कुणी?

खरा पेच इथे आहे, आणि तो सर्वांत कमी चर्चेत आहे. युरोपीय संघाचा प्रवासी हक्कांचा नियम अंतरावर चालतो. १,५०० आणि ३,५०० किलोमीटर या रेषा आखल्या आहेत, अंतर बृहद्वृत्तानेच मोजायचं असं नियमातच लिहिलं आहे, आणि भरपाई त्याप्रमाणे २५०, ४०० किंवा ६०० युरो. भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने ऐनवेळी रद्द झालेल्या विमानाची भरपाई ब्लॉक टाइमवर ठरवली : तासापर्यंतच्या उड्डाणाला पाच हजार रुपये, दोन तासांपर्यंत साडेसात हजार, त्यापुढे दहा हजार, किंवा मूळ भाडं आणि इंधन आकार, यांतलं जे कमी असेल ते. युरोपच्या रीतीत वाद घालायला जागा नाही, कारण दोऱ्याची लांबी कुणी फुगवू शकत नाही. भारताच्या रीतीत प्रवाशाचा प्रत्यक्ष वेळ धरला जातो, पण तो आकडा कंपनीच्याच वेळापत्रकातून येतो. शिवाय दोन तासांपुढे सगळं एकच; कोलकात्याचं विमान आणि न्यूयॉर्कचं विमान एका रांगेत बसतात.

भारत सरकारनेही कायम एकच फूटपट्टी वापरलेली नाही. मे २०२० मध्ये टाळेबंदीनंतर देशांतर्गत विमानं सुरू झाली तेव्हा भाड्याच्या मर्यादा उड्डाणाच्या वेळेनुसार सात गटांत बांधल्या होत्या. चाळीस मिनिटांच्या आतला पहिला गट, तीन ते साडेतीन तासांचा शेवटचा. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोच्या शेकडो फेऱ्या रद्द झाल्यावर पुन्हा मर्यादा आली, ती मात्र किलोमीटरवर : ५०० पर्यंत ७,५०० रुपये, हजारपर्यंत १२,०००, दीड हजारपर्यंत १५,००० आणि पुढे १८,०००. एकाच खात्याने साडेपाच वर्षांत एकाच कामाला दोन मापं लावली, आणि त्यावर कुणी प्रश्नही विचारला नाही.

कार्बनच्या हिशेबात तफावत आणखी वाढते. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचा गणक बृहद्वृत्त अंतरात, ५,५०० किलोमीटरपुढच्या प्रवासासाठी, सरसकट १२५ किलोमीटर मिळवतो. युरोपीय संघाच्या उत्सर्जन व्यापारात ९५ मिळवतात. ब्रिटन सरकारच्या सूत्रांत आठ टक्के वाढवतात. मुंबई-न्यूयॉर्कसाठी पहिल्या रीतीने १२,६५७, दुसरीने १२,६२७ आणि तिसरीने १३,५३५ किलोमीटर येतात. दिल्ली-सॅन फ्रान्सिस्कोच्या त्या १५,३०० किलोमीटरच्या फेरीजवळ यांतलं कुठलंच सूत्र जात नाही. अशा सूत्रांच्या बाजूने म्हणायचं तर, तिकीट काढताना कुठली वाट घेतली जाईल हे कुणालाच माहीत नसतं, म्हणून सरासरी लागते. आणि कंपन्या नियामकाला प्रत्यक्ष जळालेलं इंधन कळवतातच. आक्षेप घेणारे म्हणतात, रशिया आणि पाकिस्तान बंद असताना जुनी सरासरी कशी चालेल? मला आक्षेप रास्त वाटतो, पण वळशाचे जास्तीचे किलो प्रवाशाच्या नावावर टाकायचे की आकाश बंद करणाऱ्या देशाच्या, याचं उत्तर आक्षेप घेणाऱ्यांकडेही नाही.

अजून मोकळं

वारा पुढे कसा वाहील, यावर शास्त्रज्ञांत मतैक्य नाही. रेडिंग विद्यापीठाच्या पॉल विल्यम्स यांनी २०१६ मध्ये लंडन-न्यूयॉर्क मार्गाचा हिशेब मांडला : हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पश्चिमेकडची उड्डाणं लांबतील, पूर्वेकडची आखडतील, पण बेरीज वाढेल, आणि अटलांटिकवरची विमानं वर्षाला मिळून दोन हजार तास जास्त हवेत राहतील. दुसरीकडे ध्रुवाजवळचा प्रदेश वेगाने तापतो आहे, त्यामुळे खालच्या थरांत जेट प्रवाह मंदावण्याची शक्यता मांडली जाते. दोन ओढींत कोण जिंकेल, यावर संशोधन चालू आहे. मुंबईवरच्या पूर्वेय प्रवाहाबद्दल असा मार्गनिहाय हिशेब कुणी मांडला, तर तो आपल्या कामाचा ठरेल.

आणि घर ते घर लागणारा वेळ कुठल्याच सूत्रात नाही. पुण्याहून न्यूयॉर्कला जाणाऱ्याचा प्रवास कोथरूडला सुरू होतो. द्रुतगती मार्गावर घाटात काय होईल याचा भरवसा नसल्याने तो विमानाच्या आठ-नऊ तास आधी निघतो. लोहगावची धावपट्टी २,५३५ मीटर लांब आणि वायुदलाची. इंधनाने तुडुंब भरलेलं ७७७ तिथून अमेरिकेला उडणं शक्य नाही. नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून देशांतर्गत विमानं सुटू लागली. नागपूर किंवा गोव्याहून तिथे उतरून सहारला न्यूयॉर्कचं विमान गाठायचं तर दोन विमानतळांमधलं रस्त्यावरचं अंतर हाही आता हिशेबाचा भाग आहे, आणि ते गर्दीच्या वेळी किती धरायचं यावर टॅक्सीवाले आणि विमान कंपन्या यांचं एकमत नाही. पुरंदरचा विमानतळ भूसंपादनाच्या टप्प्यात आहे.